उसाच्या फडातली समोच्च रेषा

आमचे महाविद्यालय मानोरा तालुक्यात आहे आणि मी तेथे भूगोल शिकवते. दिवाळी आटोपली की माझ्या वर्गातील बाक एकेक करून रिकामे होऊ लागतात. आसपासच्या तांड्यांवरील कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात आणि काही विद्यार्थ्यांनाही त्यांच्यासोबत जावे लागते. ऊसतोडीत दोन माणसांच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात: एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने मोळी बांधायची. जोडी अपुरी असेल तर काम मिळत नाही.

द्वितीय वर्षाच्या वर्गातील एका मुलीच्या आईची कंबर त्या वर्षी धरली होती. वडिलांची जोडी पुरी करायला मुलीलाच जावे लागणार होते. जाण्यापूर्वी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, आमी सोमवारी चाललो. माह्यं नाव काटू नका."

"नाव मी कमी करत नाही गं. आता हजेरी ॲप घेतं."

"मंग ॲपले सांगा ना."

मला हसू आले, परंतु प्रश्न गंभीर होता. महाविद्यालयाने नुकतेच हजेरीचे नवे ॲप आणले होते. विद्यार्थ्याचा मोबाईल महाविद्यालयाच्या आवारात असेल तरच ते त्याला हजर मानत असे. सत्राची परीक्षा उन्हाळ्यात होती, तोवर ती परतणार होती. पण हजेरी अपुरी असेल तर परीक्षेला बसता येणार नव्हते. वर्ष गेले असते तर ती पुन्हा महाविद्यालयात आली असती का, याची मला खात्री नव्हती. तिच्या तांड्यावरून येणाऱ्या दोन मुली अशाच एका हंगामानंतर परतल्या नव्हत्या.

"तुमी शिकवता ते फोनवर धाडसान का?" तिने विचारले. "मी तिथी ऐकीन."

मी होकार दिला आणि कामाची पद्धत ठरवली. प्रथम तासाचे चित्रीकरण करून पाठवले. तिचा निरोप आला, की फडात चित्र उघडतच नाही, नुसते गोल फिरत राहते. म्हणून केवळ आवाज पाठवू लागले. शिकवताना टेबलावर मोबाईल ठेवायचा, तास संपला की पाठवून द्यायचे. यात आणखी काही करावे लागेल असे मला वाटले नव्हते.

पहिल्याच आठवड्यात तिचा उलट निरोप आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"मॅडम, तुमी म्हनता, 'ही रेषा इथून निघते आणि इथं येते.' इथून म्हंजे कुठून? माह्यासमोर तं ऊसच हाय!"

मी माझाच तास ऐकून पाहिला. 'इकडे बघा', 'ही अशी वळते', 'हा भाग आणि हा भाग' अशा वाक्यांनी तो भरलेला होता. माझे निम्मे शिकवणे खडूने होत होते आणि खडू मोबाईलमध्ये उतरत नव्हता. तेव्हापासून मी वर्गातच वेगळे बोलू लागले. समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा, शिकवताना प्रथम आकृती शब्दांत मांडायची, मग फळ्यावर काढायची. वर्गातील मुले डोळे मिटून आकृती मनात रचू लागली आणि नंतर फळ्याशी ताडून पाहू लागली. इंझोरीहून बसने येणाऱ्या मुली, दुपारी दुकानात काम करणारे विद्यार्थी, सारेच ध्वनिमुद्रण मागू लागले. शिक्षककक्षात मात्र माझी थट्टा होत होती. इतिहासाचे ज्येष्ठ सहकारी रोज विचारत, "काय रेडिओवाल्या बाई, आज कोणती फर्माईश?"

फेब्रुवारीत हजेरीचा विषय बैठकीत आला. मी त्या मुलीला परीक्षेची परवानगी मागितली.

"ॲपमध्ये ती गैरहजर आहे," प्राचार्य म्हणाले. "तिनं अभ्यास केला, हे मी कशावरून मानू?"

"तोंडी परीक्षा घ्या. फोनवर."

"अन् ती पुस्तक उघडून बसली तर?" इतिहासाचे सहकारी म्हणाले. "मी विचारतो तिला. पुस्तकात नसलेलं."

प्राचार्यांनी ते मान्य केले. तिने समाधानकारक उत्तरे दिली तर परवानगी, नाही तर वर्ष गेले, असा निर्णय झाला. मी तिला कळवले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "दुपारी घ्या मॅडम. जेवाले बसतो तवा."

ठरल्या दुपारी प्राचार्य, इतिहासाचे सहकारी आणि मी वर्गात बसलो. मोबाईलचा आवाज मोठा करून मी तो टेबलावर ठेवला. सहकारी खडू घेऊन फळ्याशी उभे राहिले.

"पोरी, एक डोंगर आहे. त्याचा डावा उतार तीव्र, उजवा मंद. त्याच्या समोच्च रेषा मला काढायच्या आहेत. मी इतिहासवाला. तू सांग, मी काढतो."

मी काहीही बोलायचे नाही, असे आधीच ठरलेले होते.

"सर, फळ्याच्या मधात हरभऱ्याएवढा गोल काढा. ते शिखर. काढला?"

"काढला."

"आता त्याच्याभवती दुसरा गोल. डाव्या अंगानं पयल्याच्या अगदी जवळून न्या, उजव्या अंगानं चार बोटं दूर. तिसरा बी तसाच, त्याच्याभायेर."

सहकाऱ्यांचा खडू फिरू लागला.

"गोल बंद करजा सर, उघडा सोडू नका. अन् डावीकडं रेघा चिकटू देऊ नका. चिकटल्या तं उतार नाई राहात, सरळ कडा होते."

डावीकडे दोन रेषा चिकटल्याच होत्या. सहकाऱ्यांनी आमच्याकडे न पाहता त्या बोटाने पुसल्या आणि पुन्हा काढल्या.

"झाल्या. आता आकडे?"

"आकडे मधात मोठे, भायेर लहान. नाई तं डोंगराचा खड्डा होईन!"

प्राचार्य हसले. मग उठून फळ्यापाशी गेले आणि आकृतीकडे बराच वेळ पाहत राहिले. तीव्र उतार डावीकडे होता, मंद उजवीकडे. शिखर जागेवर होते. भूगोल न शिकलेल्या माणसाने, समोर नसलेल्या मुलीच्या सांगण्यावरून ती आकृती काढली होती.

"पुढचा प्रश्न?" त्यांनी विचारले.

सहकाऱ्यांनी हात झटकले. "मला नाही विचारायचा. पण बाई, हे तास मोबाईलमध्ये भरतात कसे, ते मला दाखवा."

प्राचार्य मोबाईलकडे वाकले. "बेटा, तू परीक्षेला बसशील. ॲपचं काय करायचं ते आम्ही पाहतो."

पलीकडून तिच्याऐवजी तिच्या वडिलांचा आवाज आला. "पास झाली का पोरगी, साहेब?"

"परीक्षेला बसायची परवानगी मिळाली."

"म्हंजे पास व्हाचं बाकीच हाय!" ते म्हणाले आणि फोनपासून दूर होत मुलीला ओरडून सांगू लागले, "ऐकलं का गं? जेव लवकर अन् घे ते मॅडमचं शिकवनं कानात लावून!"