स्टूल मागून केलेली चोरी

कुलूपमामांच्या हातात अशी जादू की जुनाट कुलूपही त्यांना बघून सैल पडावं. तोंडही तेवढंच सैल. काम करताना अखंड बडबड, आणि जिन्यातल्या प्रत्येकाला फुकटचे सल्ले.

एकदा एक गृहस्थ "घराची किल्ली हरवली हो" म्हणून मामांना तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेला. मामांनी दार उघडलं, मजुरी घेतली, निघाले. गृहस्थ चोर निघाला. घर धुऊन पसार! पोलिसांनी उचललं कुणाला? मामांना. खऱ्या चोरासाठी पाय झिजवावे लागतात. मामांच्या दुकानावर पाटीच होती.

शिक्षा लागली असती तर धंदा बसलाच. चोरीचा शिक्का असलेल्या माणसाच्या हातात घराची किल्ली कोण देणार?

मी वकील गाठून दिला. त्यांनी मामांना धीर दिला तो असा : "ॲक्टस नॉन फॅसिट रिअम, निसि मेन्स सिट रिआ."

मामा माझ्याकडे वळले. "ताई, हे मला सोडवतायत की शिव्या देतायत?"

"लॅटिन आहे, मामा. नुसत्या कृत्याने माणूस गुन्हेगार ठरत नाही. मनातही पाप असावं लागतं."

"मग काय, मन काढून जज्जसाहेबांच्या टेबलावर ठेवू?"

बिनतोड होतं. पण ते काम सरकारी साक्षीदारानेच केलं. चोरी झालेल्या घरासमोरच्या काकू, मामांवर जाम भडकलेल्या.

सरकारी वकिलांनी कोर्टात विचारलं, "कुलूप याच माणसाने उघडलं?"

"यानेच! वर माझी बेल वाजवून स्टूल मागितलं. ते लंगडं निघालं म्हणून मलाच बोलला. माझ्या दाराच्या बिजागऱ्या करकरतात, तेल घाला, हे सगळ्या जिन्याला ऐकवलं!"

आमचे वकील उठले. "बाई, चोरी करायला आलेला माणूस शेजाऱ्यांची बेल वाजवेल?"

काकूंचा आ वासलेला. "अगं बाई! नाही हो."

न्यायाधीशांनी हसू दाबलं. निकालात तेच लॅटिन आलं आणि मामा निर्दोष सुटले. खरा चोर? पोलीस अजून शोधतायत म्हणे. शोधा!

परवा माझंच दार ओढलं गेलं, किल्ली आत. मामा आले, पिशवी खाली ठेवली आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

"ताई, घर तुमचंच कशावरून?"

"मामा! डोकं फिरलंय का? तुमच्यासाठी मी कोर्टात..."

"तोही असाच घाईत होता. असाच चिडला होता. शेजारी बोलवा."

दात-ओठ खात मी शेजारी बोलवायला गेले.