सत्तेचाळीस नंबरचा दाखला

माझी मोठी नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, एकतीस वर्षं समुद्रातल्या जिवाणूंवर संशोधन करून गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या. त्यांनी लग्न केलं नाही. सासू-सासरे गेल्यावर त्या आमच्याकडेच राहायला आल्या, त्यालाही अठरा वर्षं झाली. सकाळी साडेआठला डबा घेऊन निघायच्या, संध्याकाळी सातला यायच्या आणि चपला काढताना दाराच्या चौकटीला पाठ टेकून दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहायच्या. त्या दोन मिनिटांत त्यांच्याशी बोलायचं नाही, हे आमच्या मुलांना चालायला लागल्यापासून ठाऊक होतं.

त्यांचं काम काय, हे कुणी विचारलं की पूर्वी माझी फजिती व्हायची. आता सांगता येतं. समुद्राच्या तळाशी, चिखलात आणि दगडांवर, डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. तिथे जागा थोडी आणि खाणारी तोंडं फार. त्यामुळे काही जीव शेजाऱ्याला लांब ठेवायला अंगातून एखादं रसायन सोडतात. त्या रसायनाचं माणसाच्या रोगावर औषध होईल का, हे वन्सं शोधायच्या. शेकडो जिवाणू त्यांनी वेगळे काढले, त्यांना नंबर दिले. बहुतेक फुकट गेले. एकच कामाचा निघाला, सत्तेचाळीस नंबर.

आमच्या घरात सत्तेचाळीस ही मुलगीच होती. हे, म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ, जेवायला बसले की विचारायचे, "काय ताई, लेक काय म्हणते?"

"खाते, झोपते. मामावर गेलीय."

सत्तेचाळीसची परीक्षा मी पाहिलेली आहे. काचेच्या बशीत जेलीसारखं अन्न थापायचं, त्यावर जखमेत पू करणारे जंतू पसरायचे. मग सत्तेचाळीसच्या अर्कात बुडवलेली कागदाची टिकली मधोमध ठेवायची. दुसऱ्या दिवशी सगळी बशी जंतूंनी पांढुरकी झालेली असायची, पण टिकलीभोवती मात्र स्वच्छ गोल. तिथे एकही जंतू फिरकायचा नाही. चौदा वर्षांपूर्वी पहिला गोल आला तो बावीस मिलिमीटरचा. त्यावर वन्संचा लेख छापून आला, लांबून पत्रं आली. पण अर्कातलं नेमकं रसायन वेगळं काढायला गेलं की हाती चिमूटभरही लागेना. तीन वर्षं त्या त्याच्याच मागे होत्या. मग विभागाच्या साहेबांनी त्यांच्यावर परीक्षांचं आणि खरेदीचं काम टाकलं. संशोधन मागे पडलं. सत्तेचाळीसला नुसतं जगवत ठेवायचं, एवढंच उरलं.

जगवणंही सोपं नव्हतं. चार वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या इमारतीची डागडुजी चालली होती तेव्हा तीन दिवस वीज नव्हती आणि गोठवून ठेवलेल्या सगळ्या नळ्या वितळून गेल्या. फ्रिजमध्ये चार नळ्या होत्या, त्या वाचल्या. तेव्हा टिकली ठेवून पाहिली, गोल आला होता. त्यानंतर साहेबांनी गोठवायचं नवं यंत्र काही दिलं नाही. मग दर पंधरा दिवसांनी जुन्या बशीतला एक ठिपका तारेनं उचलायचा आणि नव्या अन्नावर ठेवायचा, असं वन्संनी सुरू केलं. आठवडाभर दुसरी कामं, म्हणून हे रविवारी. त्यांचा उजवा खांदा आखडल्यावर मीही बरोबर जायला लागले. दारं उघडायची, झाकणं धरायची आणि नळ्यांना चिठ्ठ्या लावायच्या. माझं अक्षर त्यांच्यापेक्षा बरं आहे, असं त्या म्हणायच्या.

खोली लहान. एक ओटा, एक भिंगाचं यंत्र, उबेचं कपाट, आणि खिडकीखाली एक स्टूल, त्याचा एक पाय आखूड. बशीतले ठिपके म्हणजे एकेका जिवाणूचं वाढलेलं कुटुंब. सुरुवातीला सत्तेचाळीसचे ठिपके पिवळट, सुरकुतलेले, ओल्या मातीचा वास असलेले होते. वाढायला पाच दिवस घ्यायचे. पण त्यात दोन-चार पांढरे, गुळगुळीत, टपोरेही असायचे. वन्संची तार त्यांच्याकडे जायची. मीसुद्धा म्हणायचे, "वन्सं, तो घ्या, तो छान भरलाय." धान्य निवडताना हात जसा चांगल्या दाण्याकडे जातो, तसंच ते. वर्षभरात सगळी बशी पांढरी दिसायला लागली आणि दोन दिवसांत भरायला लागली. आम्हाला बरं वाटलं. वन्सं म्हणाल्या, "रुळली गं बाई एकदाची सासरी."

निवृत्तीला दोन महिने राहिले तेव्हा साहेबांनी कळवलं की खोली दुसऱ्या कामाला द्यायची आहे, नळ्या नष्ट करा. वाचवायचा एकच रस्ता होता. जिवाणू जतन करणारी एक बँक असते. तिथे नमुना स्वीकारला तर तो कायमचा राहतो, कुणीही शास्त्रज्ञ मागवून त्यावर काम करू शकतो. त्यासाठी एक अर्ज भरायचा, आणि त्याचा गुण काय तो तीन ताज्या चाचण्यांनी दाखवायचा. वन्संच्या एकतीस वर्षांतलं मागे राहण्यासारखं तेवढंच होतं. त्यांनी चार वर्षांनी पुन्हा टिकली ठेवली.

गोल आला नाही.

दुसऱ्यांदा आला नाही. बशीतल्या अन्नात घालायचं मीठ नवीन आहे म्हणून जुनं मीठ शोधलं. उबेच्या कपाटाचा पारा तपासला. तिसऱ्या वेळी मी बशी उजेडाकडे धरली, तर टिकलीला चिकटून जंतू वाढले होते. टिकली आहे याची त्यांना खबरही नव्हती.

वन्सं स्टुलावर बसल्या. त्यांनी चौदा वर्षांपूर्वीच्या वहीतला फोटो काढला आणि आजच्या बशीशेजारी ठेवला. फोटोतले ठिपके पिवळे, सुरकुतलेले. समोरचे पांढरे, गोंडस. मग हळू आवाजात सांगितलं, ते मला एका दमात कळलं. रसायन बनवायला जिवाणूला ताकद लागते. जे बनवतात ते थकलेले दिसतात, सावकाश वाढतात. जे बनवायचं सोडून देतात, ते पोट भरतात आणि फुगतात. आम्ही दर पंधरा दिवसांनी नेमके ते कामचुकार निवडले आणि राबणारे टाकून दिले. फ्रिजमधल्या नळ्याही वेळोवेळी याच बशांमधून भरलेल्या होत्या.

पुढचे नऊ दिवस त्यांनी सत्तेचाळीस पाण्यात पातळ करून चाळीस बशांवर पसरली, एखादा तरी जुना पिवळा ठिपका सापडेल म्हणून. शेवटचे तीन दिवस मी माझ्या ऑफिसातून रजा काढून बरोबर बसले. भिंगातून बघायचं, नाही म्हणायचं, पुढची बशी. मी मनात नामस्मरण करत होते, पण देवाजवळ नेमकं काय मागावं ते कळेना. चूक झालीच नव्हती, असं कर, म्हणून कसं मागायचं? चाळिसावी बशी ठेवल्यावर वन्संनी चष्मा काढून डोळे चोळले आणि ओट्यावर डोकं टेकलं. "एकही नाही," म्हणाल्या.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुचवलं की वहीत बावीस मिलिमीटरच्या गोलाचा जुना फोटोही आहेच, तो लावा, तारीख कोण बघतंय. शेवटी नाव तुमचंच राहील, एवढी वर्षं राबलात.

मी दाराशी उभी होते. खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. वन्संनी फोटो वहीत ठेवला.

"साहेब, हयातीचा दाखला खोटा देत नसतात. पुढच्या वर्षीपासून मला स्वतःचा द्यायचाय."

साहेब हसले. वन्सं हसल्या नाहीत.

त्या दुपारी त्यांनी अर्ज भरला. गुण या रकान्यात लिहिलं, पूर्वी होता, आता नाही. शेरा या रकान्यात जागा पुरेना म्हणून मागचा कागद जोडला. त्यावर किती वर्षं, किती दिवसांनी, कसले ठिपके निवडले आणि कसले टाकले, हे सगळं ओळीनं लिहिलं. शेवटी लिहिलं, निवड मी स्वतः केली. मी म्हटलं, वन्सं, माझंही लिहा, मीच तर तो टपोरा घ्या म्हणत होते.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तू बोट दाखवलंस गं. तार माझ्या हातात होती."

"पण आता तिला घेणार कोण?"

"कुणी घेऊ नये म्हणून नाही लिहिलं. दुसऱ्या कुणाच्या हाताला ही सवय लागू नये म्हणून लिहिलं."

एक नळी कापसात गुंडाळून टपालानं गेली. आठ दिवसांनी बँकेचं पत्र आलं. नमुना साध्या जिवाणूंच्या यादीत स्वीकारला होता आणि जोडलेला कागद नमुन्यासोबत कायम ठेवला जाईल, असं एका ओळीत कळवलं होतं. वन्संनी ते पत्र दोनदा वाचलं आणि पर्समध्ये ठेवलं. घरी ह्यांना दाखवलं नाही.

शेवटच्या दिवशी उरलेल्या नळ्या वाफेच्या मोठ्या भांड्यात घालून मारायच्या होत्या. मी करते म्हटलं तर नको म्हणाल्या. एकेक नळी जाळीत उभी केली, माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. झाकणाचे स्क्रू आवळताना खांदा दुखला, तेव्हा तेवढी मदत घेतली. मग स्टुलावर बसल्या. वीस मिनिटं वाफ, आणि दाबाचा काटा खाली यायला अजून तेवढीच. मध्येच त्यांना डुलकी लागली, तर मी उठवलं नाही.

काटा शून्यावर आला. मी हाक मारली. त्यांनी झाकणाकडे पाहिलं, उघडायला उठल्या, मग परत बसल्या.

"तूच बघ," म्हणाल्या. "मी जरा बसते."