चढावर थांबलेली गाडी

गाडी अर्धा चढ चढून गेली होती. तिसऱ्या डब्यातून निळ्या साडीचा पदर बाहेर आला आणि वाऱ्यावर फडफडायला लागला. माझ्यासमोर दोन बटणं होती, एक हिरवं आणि एक लाल. त्या निळ्या साडीत माझी सासू बसली होती.

मी मुरबाडजवळच्या एका थीम पार्कमध्ये रोलर कोस्टरची ऑपरेटर आहे. आता नवीन ऑपरेटरना शिकवतेसुद्धा. पण हे घडलं तेव्हा मी स्वतःच नवीन होते, प्रोबेशनवर. प्रोबेशन म्हणजे काम जमतंय की नाही ते बघायचा काळ. जमलं नाही तर घरी.

रोलर कोस्टर ही रुळावरची गाडी, पण तिला इंजिन नसतं. स्टेशनवरून सुटली की एक साखळी तिला उंच चढावर ओढून नेते. त्या चढाला आम्ही लिफ्ट म्हणतो. माथ्यावर साखळी सुटते आणि तिथून पुढे गाडी स्वतःच्या वजनानं पळते. चढताना खालून खट्‌ खट्‌ आवाज येतो. लोकांना वाटतं काहीतरी मोडलंय. ते दाते असतात. साखळी थांबली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून ते अडकत जातात. थोडक्यात, थांबवायची असेल तर गाडी चढावरच थांबवायची. माथा ओलांडला की ऑपरेटरच्या हातात बघण्यापलीकडे काही राहत नाही.

याआधी मी वाशिंदला एका फॅक्टरीत पॅकिंगला होते. जाण्यायेण्यातच दिवस संपायचा. पार्कची जाहिरात आली तेव्हा नवरा म्हणाला, भर अर्ज. इंटरव्ह्यूत विचारलं, "राइडचा काही अनुभव?" मी म्हटलं, "म्हशाच्या जत्रेत दरवर्षी पाळण्यात बसते." समोरचे दळवी सर हसले. ते पार्कचे ऑपरेशन्स मॅनेजर. त्यांनी मला घेतलं.

घरात एकटी सासू नाराज होती. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्या म्हणाली, "पाळणेवाल्याचा धंदा हाय तो. बायमाणसानं लोकांना गरागरा फिरवायचा? काय बोलतील लोक?" भांडली नाही. पण कुणी विचारलं, सून कुठे जाते कामाला, तर म्हणायची, "कंपनीत." कसली कंपनी, ते सांगायची नाही. मला ते टोचायचं. मी पण कधी विषय काढला नाही.

भात झोडून झालं, घरात आलं, आणि आमच्या गावच्या बचत गटाची ट्रिप ठरली. कुठे जायचं यावर बायकांची बरीच चर्चा झाली. शेवटी अध्यक्ष ताराबाई म्हणाली, "सुरेखाच्या पार्कात जाऊ. आपली पोरगी हाय तितं, काय अडला-नडला तर बगेल." सगळ्या निघाल्या म्हणून आत्याही निघाली.

त्या दिवशी सकाळी माझ्या हातून एक गंमत झाली होती. गाडी चढावर असताना रुळावर काहीतरी काळं सरकलं. मी लाल बटण दाबलं. मेंटेनन्सचे राऊत वरपर्यंत चढून गेले, सगळं बघून आले. वर काही नव्हतं. एक बगळा डोक्यावरून गेला होता, त्याची सावली पडली होती. रांगेतले लोक वैतागले. दळवी सर वॉकीटॉकीवर एवढंच म्हणाले, "सुरेखा, थोडा धीर धर. सावलीला घाबरायचं नाही."

मला नाक कापल्यासारखं झालं.

आणि दुपारी बचत गट आला. दुरूनच ओळखू आला, कारण रांगेत एवढा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. मी मनात म्हटलं, आज आता काही चुकायचं नाही.

गाडी सुटण्याआधी प्रत्येकाच्या मांडीवर एक जाड दांडा खाली येतो. तो लॅप बार. तो घट्ट बसलाय का, हे हातानं ओढून बघायचं. साडीवाल्या बायकांचा पदर कमरेला खोचून घ्यायचा. मी एकेकीचा बार ओढत आत्यापाशी आले. ती एसटीत बसल्यासारखी समोर बघत होती.

"घट्ट बसलाय?" मी विचारलं.

"बसलाय."

"पदर खोचलाय?"

"खोचलाय."

सकाळपासून आमच्यात एवढंच बोलणं झालं. मी केबिनमध्ये गेले, सगळं क्लिअर बघितलं आणि गाडी सोडली.

खट्‌ खट्‌ करत गाडी चढायला लागली. बायका ओरडत होत्या, हसत होत्या. आणि अर्ध्याच्या वर गेल्यावर तो निळा पदर बाहेर आला. आधी मला वाटलं, आत घेईल. तिनं घेतला नाही. वाऱ्यानं तो लांब झाला आणि डब्याच्या बाजूला खाली, चाकांकडे लोंबायला लागला.

एक क्षण मी थांबले, खोटं कशाला सांगू. डोक्यात बगळा होता. एका दिवसात दुसऱ्यांदा गाडी थांबवायची, तीही सगळं गाव बसलेली, तीही सासू बसलेली. पदर आत जाईलही कदाचित. पण माथा जवळ येत होता. तिथून पुढे गाडी सुसाट जाते, आणि चाकात कापड गेलं तर ते ज्याच्या अंगावर आहे त्याला घेऊन जातं.

मी लाल दाबलं.

खट्‌ खट्‌ बंद झालं. सगळीकडे एकदम शांत. मी माइक घेतला. "कुणी घाबरू नका. गाडी बिघडलेली नाही. जागेवरून उठू नका, हात आत ठेवा."

वरून ताराबाईचा आवाज आला, "सुरेखा गोऽ, लायटी गेल्या काय?"

"नाय, मी थांबवलेय!" माइकवर माझी घरचीच भाषा बाहेर पडली.

"मंग बरा! आमाला वाटला लायटी गेल्या!"

खाली रांगेतली माणसं हसली. मला हसू येत नव्हतं. वॉकीटॉकीवर दळवी सर आलेच होते. "आता काय झालं?"

"सर, पदर बाहेर आलाय. चाकाजवळ."

"नक्की?"

"नक्की सर. दिसतोय मला."

"ठीक. राऊतला वर पाठव. तो आत घेईल."

चढाच्या बाजूनं कठडा असलेल्या पायऱ्या असतात, अशाच वेळेसाठी. राऊत सेफ्टी बेल्ट लावून निघाले. दोन पावलं गेले आणि परत फिरले. पन्नाशीचे, सरळमार्गी माणूस. म्हणाले, "मॅडम, पदर मी कसा खोचू? परक्या बाईच्या साडीला हात लावू?"

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. मीच केबिनमध्ये येतो. तू बेल्ट लाव आणि राऊतच्या मागे जा. कठडा सोडू नको."

ट्रेनिंगमध्ये त्या पायऱ्या मी पायांवरची नजर न हलवता चढले होते, पण तेव्हा वर गाडीत गाव बसलेलं नव्हतं. आम्ही निघालो तोवर बायकांनी गाणं सुरू केलं होतं. आमच्याकडे लग्नात बायका एकमेकींना चिडवायला जागच्या जागी गाणी रचतात, तसं. ताराबाई सांगायची, बाकीच्या मागून उचलायच्या. माझी गाडी, माझी सासू, अर्ध्यात लटकलेली वरात, सगळं त्यात आलं होतं. एवढ्या उंचावर, मांडीवर दांडा, आणि टाळ्यांचा ताल एक चुकत नव्हता.

मी तिसऱ्या डब्यापाशी पोचले. आत्या गात नव्हती. पदर डोक्यावर घेतलेला, त्याचंच टोक बाहेर गेलेलं.

"आत्या, पदर का काढलात?"

तिनं हात लांब न करता, नुसत्या हनुवटीनं दाखवलं. "तो बग. आपला मारुती."

मी वळून बघितलं. कापलेल्या भातशेतांच्या पलीकडे, झाडांच्या वर, आमच्या गावच्या देवळाचा पांढरा कळस दिसत होता. रोज खाली केबिनमध्ये उभी राहून मला कधी कळलंच नव्हतं की वरून गाव दिसतं.

"देव समोर आला," आत्या म्हणाली. "उघड्या डोक्यानं कशी बसू? पदर घेतला, नमस्कार केला, आन्‌ गाडी थांबली. मला वाटला, मारुतीनंच थांबवली."

"मारुतीनं नाय, मी थांबवली. पदर चाकात जात होता."

तिनं खाली वाकून बघितलं. तेव्हा तिला पदराचं टोक कुठे होतं ते दिसलं. तिचा चेहरा उतरला. "अगो बाय!"

मी पदर वर ओढून घेतला, पिळा दिला, कमरेला दोन वेढे घालून गाठ मारली. ती हळूच म्हणाली, "माज्यामुळं तुला बोलतील?"

"बोलले तर बोलतील."

आत्या राऊतांकडे वळली. "ओ दादा, हिला काय बोलू नका. चुकी माजी. हिनं बराबर केला." आणि मागच्या पुढच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सून हाय माजी. ही गाडी तीच चालवते."

गाठ घट्ट होती तरी मी उगाच परत एकदा तपासली.

राऊतांनी चाकं, साखळी, सगळं बघितलं. मग बायकांना म्हणाले, "कुणाला भीती वाटत असेल तर पायऱ्यांनी उतरवतो. वाटत नसेल तर गाडी इथूनच पुढे सुरू करू. तुम्ही सांगा."

"उतरायचा?" ताराबाई म्हणाली. "आख्ख्या गावात सांगून आलो आमी. अर्ध्या वाटेवरनं माघारी गेलो तर तोंड कुटं दाखवू? चालू करा."

"आत्या, तुमी?" मी विचारलं.

"मी काय उतरते? पर नमस्कार राह्यला माजा अर्धा."

"मनातल्या मनात करा."

"मनातला पोचतो?"

"पोचतो. इथून तर जवळच हाय."

ती हसली. मी खाली आले. राऊतांनी क्लिअर दिला, सरांनी क्लिअर दिला आणि म्हणाले, "तू थांबवलीस, तूच सुरू कर." मी हिरवं दाबलं. खट्‌ खट्‌ सुरू झालं, गाडी माथ्यावर गेली, क्षणभर अडखळल्यासारखी झाली आणि सुटली. मग जो काय आवाज आला तो मी रोलर कोस्टरवर परत ऐकलेला नाही. कॉलेजची पोरं ओरडतात, पण त्यांच्या ओरडण्यात दम नसतो. या बायका शेताच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारणाऱ्या.

गाडी स्टेशनात आली. कुणाचा अंबाडा सुटलेला, कुणाची टिकली कानापाशी. आत्या हसत होती. घरात ती हसली तरी तोंडावर पदर धरून हसते. इथे पदर कमरेला बांधलेला आणि हात बारवर, त्यामुळे तोंड उघडं टाकून खदखदून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी बार वर केला तरी उठेना.

"उतरा, आत्या. रांग हाय."

"परत बसता येल काय गो?"

"रांगेतून यावं लागेल."

"मंग जाते रांगेत," म्हणाली आणि खरंच गेली. बाकीच्या बायका तिच्या मागे.

संध्याकाळी दळवी सरांनी बोलावलं. स्क्रीनवर गाडीचं रेकॉर्डिंग लावलं होतं. पदराचं टोक चाकाच्या अगदी जवळ जाऊन येत होतं. सरांनी ते दोनदा बघितलं.

"सकाळी बगळ्यासाठी थांबवलीस, दुपारी पदरासाठी," ते म्हणाले.

"हो सर."

"मी सकाळी धीर धर म्हटलं, ते विसर. असं परत दिसलं तर परत थांबव." मग त्यांनी विचारलं, "पण पदर स्टेशनवर खोचला होता ना? सुटला कसा?"

मी मारुतीचं सांगितलं. सर आधी हसले, मग विचारात पडले. "म्हणजे हे रोज होऊ शकतं. या भागात उंचावर गेलं की कुणाचं ना कुणाचं देऊळ दिसणारच. बायकांना पदर घेऊ नका असं सांगून भागायचं नाही."

त्यावर उपाय निघाला तो साधा. साडीवाल्या बायकांसाठी बिनबाह्यांची जाकिटं शिवून घेतली. साडीवरून घालायची, पुढून पट्टा लावायचा, पदर आतच राहतो. पाठीला टोपी जोडलेली आहे. देव दिसला तर ती डोक्यावर घ्यायची. टोपीची सूचना माझी. प्रोबेशन संपल्याचं सरांनी त्याच आठवड्यात कळवलं.

आता नवीन ऑपरेटर आला की पहिल्या दिवशी मी त्याच्याकडून रिकामी गाडी चढावर थांबवून घेते. पुन्हा पुन्हा, हात बिचकायचा बंद होईपर्यंत. गाडी सोडायला सगळेच शिकतात, त्यात विशेष काही नाही. थांबवली की दहा जण विचारतात, का थांबवली. त्यांना उत्तर नंतर द्यायचं. आधी दाबायचं.