पगार सोडलेला पेंटर

आर्वीच्या स्टँडसमोर एक पेंटर दुकानाची पाटी रंगवत होता. वेलांटी ओढताना तो श्वास रोखायचा आणि मग ब्रश पँटलाच पुसायचा. मी मुलीला नर्सिंगचा अर्ज भरायला नेत होते, पण तिला चित्रांचं वेड, ती तिथेच थांबली.

मी परक्या माणसाशी सहसा बोलत नाही. त्या दिवशी विचारलं, "भाऊ, यात पोट भरते काय?"

"फ्लेक्सच्या दुकानात पगार भेटे, ताई. पण हाताले कामच नाई. सोडलं."

"पस्तावा नाई होत?"

"होते ना! एक तारखेले. बाकी दिवस नाई."

मुलगी खुदकन हसली. मी तिचा हात धरून निघाले.

थोडं पुढे गेल्यावर तिला म्हटलं, "सांग माय, तुले काय शिकाचं हाये?"

तिची बारावी झाली, तरी हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.