पडद्यापुढचा ग्लास

रजियाआपांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्या दिसल्याच नाहीत. दिसला तो स्टीलचा एक ग्लास. मी पुण्यात, आमच्या इस्पितळातल्या एका लहानशा खोलीत संगणकापुढे बसले होते. तिकडे बीडजवळ, नेकनूरच्या पलीकडच्या एका गावात, दूध संस्थेच्या दवाखान्यात, माझा चेहरा पहिल्यांदाच पडद्यावर उमटला होता. नमस्कार म्हणायला तोंड उघडलं, तोच कॅमेऱ्यापुढे काठोकाठ भरलेला ग्लास येऊन बसला आणि सगळा दवाखाना त्याच्यामागे झाकला गेला. मागून आवाज आला, "आधी पानी घ्या डॉक्टरीनबाई, मंग बोला."

"अहो, मी पुण्यात आहे," मी म्हटलं.

"ते म्हाईत हाय मला. पन तुमी आलात का न्हाई? आलात. मंग मेहमानाला पानी नको?"

मराठवाड्यात दुष्काळ होता, गावात टँकर येईल तेव्हा पाणी. उगाच वाया घालवू नका, असं मी म्हटलं, तर ग्लास जरा बाजूला सरकला आणि काळ्या काठाच्या चष्म्यातून दोन डोळ्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "वाया कावून जाईल? तुमचं पानी मी पिते. तुमी तिकडं प्या, म्हंजे झालं." दुसऱ्या दिवसापासून मीही टेबलावर ग्लास ठेवू लागले. दोघी एकदमच पाणी प्यायचो आणि मग पहिला पेशंट आत यायचा. आमच्या इस्पितळातले लोक मला हसायचे.

आपा पन्नाशीच्या, ठेंगण्या, डोक्यावरचा पदर कधी न ढळू देणाऱ्या. आधी त्या संस्थेत दूध मोजून घ्यायच्या. दुष्काळाने गोठे आटले, मोजायला दूध राहिलं नाही, तेव्हा चेअरमनसाहेबांनी त्यांना दवाखान्यात नेमलं आणि ते नवं यंत्र त्यांच्या ताब्यात दिलं. यंत्र म्हणजे एक खांब, वर पडदा आणि कॅमेरा, खाली चाकं. मी पुण्यात कळ दाबली की ते तिकडे चालायचं. पण ज्यांनी ते बनवलं त्यांनी चकचकीत फरश्याच पाहिल्या असाव्यात, कारण दवाखान्याच्या उंबऱ्याशी आले की मी अडकायचे. मग आपा खांबाला धरून मला अलगद पलीकडे काढायच्या. "सावकाश. पडलात म्हंजे?" म्हणायच्या. आता मी पडून पडून कुठे पडणार होते! पण त्यांनी खांब धरला की पुण्यात माझ्या कोपराला कुणीतरी धरल्यासारखं वाटायचं, हे मात्र खरं.

पुढे संस्थेने माळावर चारा छावणी उघडली. जनावरांबरोबर माणसंही तिथेच पालं ठोकून राहू लागली, तेव्हा दवाखानाही तिकडे न्यावा लागला. आपा मला हातगाडीवर उभी करायच्या, दोरीने नीट बांधायच्या आणि दावणीदावणीने हिंडवायच्या. दोन्ही बाजूंनी गायी-म्हशींची तोंडं संथपणे मागे सरकायची. एखादी म्हैस पडद्याला नाक लावायची आणि माझ्या खोलीत तिचे नुसते डोळेच डोळे भरायचे. खिडकीबाहेर पुण्याची रहदारी चाललेली असे, पण मला ती ऐकू येत नसे. घशात धुरळा गेल्यासारखा वाटे, आणि धुरळा तर दीडदोनशे मैलांवर! मी नक्की कुठे आहे ते मला सांगता आलं नसतं. आपांना मात्र त्याबद्दल कसलीच शंका नव्हती. बायकांच्या पालाशी पोचलो की त्या बाहेरून हाक द्यायच्या, "उठा गं, डॉक्टरीनबाई दारात हुब्या हायत!"

एका सकाळी मी यंत्र सुरू केलं तर समोर सगळं पांढरंशुभ्र. जणू दुधात बुडाले होते. आणि त्या पांढऱ्यातून हुंदके ऐकू येत होते. "लई गुनाची बाई व्हती गं," कुणीतरी म्हणत होतं. मला काही कळेना. मी म्हटलं, "काय झालं? कोण गेलं?" त्याबरोबर एकच किंकाळी उठली, भांडी पडली, माणसं पळाली. मग पांढरं सगळं सर्रकन निघून गेलं आणि आपांचा चष्मा दिसला. आदल्या दिवशी वावटळ सुटली, म्हणून त्यांनी यंत्रावर पांढरी चादर घालून ठेवली होती. टँकरवरून येणाऱ्या बायकांनी ती पाहिली आणि डॉक्टरीणबाई गेल्या असंच धरून चालल्या. "जित्या मानसावर रडता व्हय?" आपा कडाडल्या. मग त्यांनी मीठमिरच्या आणून पडद्यावरून ओवाळल्या आणि माझी रीतसर दृष्ट काढली. माझ्यासाठी इतकं रडणारी माणसं मला पुण्यात कधी भेटली नव्हती. मी हसत होते, पण डोळे भरून आले होते.

उन्हाळ्याच्या मध्यावर यंत्राला कान आला. पेशंटच्या छातीला एक चकती लावायची, की हृदयाचे ठोके पुण्यात ऐकू यायचे. "चालतंय का बगा," म्हणत आपांनी चकती पहिल्यांदा स्वतःच्याच छातीला लावली. मी कानाला हेडफोन लावून बसले होते. ठोक्यांच्या मधे एक घरघर होती, लांबच्या जात्यासारखी. "चालतंय," मी म्हटलं. "पण आपा, चकती तशीच ठेवा जरा."

बीडला तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप आकसून गेली होती. शस्त्रक्रिया करून ती बदलायला हवी होती आणि ती लवकर व्हायला हवी होती. चढ चढताना त्यांना लागणारी धाप, हातगाडी मधेच थांबवून त्यांचं ते गायींशी बोलत उभं राहणं, आता सगळं उमजलं. पण आपा ऐकेनात. छावणी उठल्यावर बघू म्हणाल्या. चेअरमनसाहेबांनी सगळी व्यवस्था करतो म्हणून सांगितलं, तरी न्हाई. रोज पाणी पिऊन झालं की मी तोच विषय काढायचे. शेवटी एकदा त्या हळूच म्हणाल्या, "भ्याव वाटतंय बाई. तितं मला कोन वळखतंय?"

"मी आहे ना, आपा."

"तुमी हितं हायत," त्या पडद्याला बोट लावून म्हणाल्या. "एकदा तुमच्या पायानं या. मंग मी येते."

मी गेले. माळावर गाडीतून उतरले तेव्हा उन्हाचा, शेणाचा आणि सुक्या कडब्याचा वास एकदम अंगावर आला. इतक्या महिन्यांत तो वास तेवढा मला माहीत नव्हता. माझ्यावर रोज डाफरणाऱ्या आपा पदर सावरत नुसत्याच उभ्या होत्या. नव्या नवरीसारख्या लाजल्या होत्या. "लई उंच हायत की तुमी," एवढंच म्हणाल्या. मग पालात जाऊन त्यांनी तोच स्टीलचा ग्लास आणला. मी पाणी पिऊ लागले तशा त्या माझ्या घशाकडे टक लावून पाहत राहिल्या. रिकामा ग्लास हातात घेऊन त्यांनी आत डोकावून पाहिलं. "इतके दिस तुमचं पानी मीच पेले," त्या म्हणाल्या. "आज तुमी पेलात." दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर पुण्याला निघाल्या.

शस्त्रक्रियेच्या सकाळी मी त्यांच्या खाटेपाशी गेले. ओठ सुकले होते. "पानी द्यायचं न्हाई म्हनं मला," त्यांनी तक्रार केली. मी म्हटलं, आज नाही चालत आपा. त्यांनी उशाशी ठेवलेल्या रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग माजं तुमी प्या. माज्या म्होरं प्या." मी ग्लास भरून घेतला. तो रिकामा केला आणि उलटा करून त्यांना दाखवला. तेव्हा कुठे त्या निश्चिंत झाल्या. दारापलीकडे त्यांना नेलं आणि मी बाहेर बाकावर बसून राहिले. आयुष्यात इतकी मी कधी भ्याले नव्हते.

आपा परत आल्या. झडप धातूची बसवली होती, ती प्रत्येक ठोक्याला टिकटिक करायची. गावी गेल्यावर पहिल्या सकाळी त्यांनी पाणी ठेवलं, चकती छातीला लावली आणि ऐटीत म्हणाल्या, "आता माज्यातबी यंत्र हाय. चालतंय का बगा." त्यानंतर छावणी उठली, गोठे पुन्हा भरले, तरी त्यांनी दवाखाना सोडला नाही. माझी प्रत्येक सकाळ त्या टिकटिकीने सुरू व्हायची आणि तिच्यावाचून मला काम सुचायचं नाही.

काही वर्षांनी एका सकाळी आपा झोपेतून उठल्याच नाहीत. चेअरमनसाहेबांनी फोनवर कळवलं. त्या दिवशी मी यंत्र सुरू केलं नाही.

पुढच्या आठवड्यात सुरू केलं, तेव्हा पडद्यावर एक नवी मुलगी होती. नीटनेटकी, घाबरलेली. तिच्यापुढचं टेबल मोकळं होतं आणि यंत्र सुरू होताच सगळा दवाखाना पहिल्यांदाच मला स्पष्ट दिसत होता, भिंतीपासून दारापर्यंत. मला ते बघवेना. "मॅडम, पयला पेशंट बोलवू का?" तिने विचारलं.

मी माझा ग्लास उचलला आणि कॅमेऱ्यापुढे ठेवला. तिकडे तिच्या पडद्यावर मी दिसेनाशी झाले.

"आधी पाणी घे," मी म्हटलं, "मग बोल."