पाण्यात गुदमरलेले मागूर

मासा पाण्यात बुडून मरतो असं मी सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. मी डोळ्यांनी पाहिलंय.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आर्वीजवळच्या आमच्या गावात वैशाख असा तापला होता की विहिरीत घागर सोडली तर नुसता गाळ वर यायचा. मी चौदा-पंधराची. आई बाळंत होऊन महिना होत आला तरी खाटेवरून उठत नव्हती. दूध आटलेलं, बाळ रडरड रडायचं. नदीवरून पाणी, चूल, भाकरी, बाळाचं हगणं-मुतणं, सगळं माझ्या अंगावर. वीट आला होता जिवाला, खोटं कशाला बोलू?

बाबा फार काळजी करणारे. आधीचा माझा भाऊ थंडी लागून गेला, असं त्यांच्या मनानं घेतलेलं. म्हणून या खेपेला बाळंतिणीच्या खोलीची खिडकी त्यांनी पोतं कोंबून बुजवली, दार लावून घेतलं आणि खाटेखाली शेगडी पेटती ठेवली. त्या उन्हाळ्यात! आत गेलं की ओव्याच्या धुरानं माझेच डोळे चुरचुरायचे.

आईची एक मैत्रीण होती, मासे धरणाऱ्या ढिवराची. तिनं आटत आलेल्या तळ्याच्या चिखलातून मागूर खणून आणले. तळं आटलं की हा मासा चिखलात भोक करून पडून राहतो. अंगाला खवले नाहीत, तोंडाला लांब मिशा, आणि कल्ल्यामागचा काटा लागला तर हात दिवसभर ठणकतो.

"बाळंतिणीले ताकद येते यानं. उद्या येऊन मीच रांधून देईन," ती म्हणाली. "जित्ते ठेवजो मातर. मेला मागूर आमी बी खात नाई."

बाबांच्या गळ्यात माळ. मासा घरात पहिल्यांदाच आला होता, पण आईसाठी त्यांनी ब्र काढला नाही. मी मासे रांजणात सोडले, तळाशी वीतभर पाणी ठेवून. ते सारखे वर येत, तोंड बाहेर काढत, पुन्हा खाली जात. बाबांना ते पाहवेना.

"पाण्यासाठी तडफडून राह्यले बिचारे," म्हणाले, आणि मी डोक्यावरून आणलेल्या सगळ्या घागरी त्यांनी रांजणात उपड्या केल्या. काठोकाठ. उडी मारून जाऊ नयेत म्हणून वर पाट, पाटावर दगड. मी नुसती बघत राहिले. माझ्यात बोलायचंही त्राण नव्हतं.

सकाळी पाट काढला तर सगळे मेलेले.

ढिवरीण आली आणि कपाळावर हात मारून खालीच बसली. "अवं माय, बुडवून मारले का तुमी? याच्या डोक्यात हवा घ्याची जागा रायते. वर येऊन तोंड काढू नाई देलं तं पाण्यात बी गुदमरते हा." तळ्यात होते तेवढे तिनं खणून आणले होते. आता पावसापर्यंत मागूर नाही, म्हणाली, आणि रडायलाच लागली.

"मी तं चांगल्यासाठीच केलं," बाबा पुटपुटले.

माझं डोकं फिरलं. "पुरे झालं तुमचं चांगलं, बाबा!" मी ओरडले. बाबांवर आवाज चढवायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती.

तेवढ्यात बंद दाराआडून आईचा आवाज आला. महिनाभरात इतका मोठा आवाज ऐकला नव्हता.

"ऐकलं का जी? मग मले बी वर येऊ द्या ना. माहा जीव घुसमटून राह्यला इथं."

बाबा दार उघडून आत गेले आणि पोतं ओढू लागले. मग आम्ही तिघांनी खाट उचलून परसात, भिंतीच्या सावलीत आणली. आईनं तोंड उघडून हवा घेतली. पुन्हा घेतली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"बाळ आण इकडं," ती म्हणाली. "अन् तू पड जराशी, बाई. किती वाळली तू."

मी तिथंच तिच्या खाटेशेजारी जमिनीवर आडवी झाले आणि रडता रडता झोपले. उठवायला कोणी आलं नाही.