गालात धरून ठेवलेलं चॉकलेट

शाळेसाठी वेणी घालताना लेकीचा उजवा गाल सुजलेला दिसला. हात लावला तर तिनं मान झटकली.

"दुखतंय?"

"नहीं मम्मी."

ती तेव्हा आठ वर्षांची होती. मी मराठीत बोलायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची. तिचे बाबा फौजेत, त्या वर्षी सीमेवर. उत्तरेतल्या एका शहरात, तेलीबागेतल्या भाड्याच्या घरात आम्ही दोघीच होतो. शाळा बुडवून मी तिला बाजारातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

तोंड उघडायलाच तिनं पाच मिनिटं घेतली. बाईंनी आरसा आत घातला आणि त्यांचा चेहरा बदलला. मागच्या दाढेत पू झाला होता.

"चॉकलेट खाती है?"

"दिन में एक ही टुकड़ा देती हूँ," मी म्हणाले. "और दो बार ब्रश." माझा आवाज नको तितका चढला होता.

बाईंनी तिला विचारलं, "बेटा, कैसे खाती हो?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "मम्मी बाहर जाएँ."

मी दाराबाहेर उभी राहिले. पडद्यातून सगळं ऐकू येत होतं. बाबांनी जाताना चॉकलेटचा डबा दिला होता आणि म्हणाले होते, हा संपायच्या आत येतो. मग त्यांची रजा पुढे गेली. तेव्हापासून ती रोजचा तुकडा मोडून कण कण गालात धरत होती. वर्गात, गृहपाठ करताना, ब्रश करून झोपल्यावरसुद्धा. वाचलेलं परत डब्यात. "खतम हो गया और पापा नहीं आए तो?"

मला पडदा बाजूला करवेना.

बाईंनीच आत बोलावलं. म्हणाल्या, चॉकलेटपेक्षा ते दिवसभर तोंडात राहणं वाईट. दाताला मोकळा वेळच मिळाला नाही. जेवणानंतर एकदाच खा, लगेच पाण्यानं खळखळून चूळ भर, आणि रात्री ब्रश झाल्यावर फक्त पाणी. दाढ राहील की काढावी लागेल, ते ती उघडल्यावर कळेल.

सुई दिसताच तिनं माझा हात असा धरला की नखं रुतली. मशीन सुरू झालं. मी बाईंच्या कपाळाकडे बघत होते. आठी पडली की मी तिचा हात आणखी घट्ट धरायचे. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी बाई म्हणाल्या, "बच जाएगी. लेकिन दो बार और आना पड़ेगा."

दोन दिवस नवऱ्याचा फोन लागला नाही. लागला तेव्हा मी चिडूनच सगळं सांगितलं.

"तिला दे," तो म्हणाला.

मी स्पीकर लावला.

"बेटा, डबा संपव. डॉक्टर सांगतात तसा, जेवणानंतर."

"फिर आप?"

"रजा मिळाली की येणार. डबा असो नसो. मी चुकीचं बोललो होतो."

दुपारी वरणभात खाल्ल्यावर तिनं एक अख्खा तुकडा मागितला, चावून गिळला, आणि मोरीत जाऊन तीनदा चूळ भरली. मग माझ्यासमोर येऊन आ केला. मी मोबाइलचा उजेड पाडून बघितलं.

डबा आठ दिवसांत संपला. तिचे बाबा त्यानंतर दोन महिन्यांनी आले.